सिस्टिनोसिस असलेल्या मुलांचे डोळे आणि दर तासाचे ड्रॉप्स : तुम्ही कसं जमवता?

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलगा झोपलाय आणि बाराच्या डोसला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून बसले. मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. त्याला सिस्टिनोसिस आहे, म्हणजे सिस्टीन नावाचा पदार्थ पेशींत साचून त्याचे खडे (क्रिस्टल) होतात, किडनीत आणि डोळ्यांतही. लाखा-दोन लाखांत एखाद्या बाळाला होतो हा आजार, त्यामुळे नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. आम्हीही नव्हतं ऐकलं.

दहा-अकरा महिन्यांचा असताना त्याचं वजन वाढायचं थांबलं. सारखं पाणी मागायचा, अंघोळ झाली की ओला टॉवेल तोंडात धरून चोखत बसायचा. लघवी एवढी की रात्रीत गादी तिनदा बदलायची. पाय वाकायला लागले तेव्हा मुडदूस म्हणून ड जीवनसत्त्वाचे डोस दिले, काही फरक नाही. शेवटी लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे पोचलो आणि त्यांनी का कोण जाणे (तेव्हा असं वाटलं) डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या मॅडमनी स्लिट लॅम्पमधून (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) बघितलं, बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग मला म्हणाल्या या, तुम्ही पण बघा. रांगोळीत अभ्रकाची पूड मिसळली की कशी चमकते, तसं त्याच्या बुबुळावर चमकत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर किती सुंदर दिसतंय. नंतर कळलं ते सिस्टीनचे खडे आहेत.

तेव्हापासून पोटातून सिस्टिअमाईन (साचलेलं सिस्टीन कमी करणारं औषध) चालू आहे, दर सहा तासांनी, रात्री बारालाही उठवून. आमचा समज असा की पोटातलं औषध सगळीकडे पोचतं तसं डोळ्यांतही पोचत असेल. मधे त्याला उजेड सहन होईना, डोळे चोळायचा, तर जवळच्या एका दवाखान्यात अ‍ॅलर्जी सांगितली आणि आठ महिने ॲलर्जीचे ड्रॉप्स घातले. आजार सांगितला होता हो आम्ही, पण त्याचा डोळ्यांशी संबंध कुणी जोडलाच नाही. आता सकाळी व्हरांड्यात आला की डोळे गच्च मिटतो आणि माझी ओढणी धरून रिक्षापर्यंत चालतो.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये आता डोळ्यांत घालायचे सिस्टिअमाईनचे ड्रॉप्स दिलेत, त्यांची फार्मसीच बनवून देते. पण जागा असेपर्यंत दर तासाला! शाळेत कसं करायचं? घातले की झोंबतात, रडतो, आता बाटली दिसली की पलंगाखाली जातो. सासूबाई म्हणतात किडनीचं आधी बघा, डोळ्यांना दिसतंय ना त्याला, मग कशाला छळता लेकराला. मलाही कधी कधी वाटतं खरंच एवढं करून उपयोग होतो का. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी प्लीज लिहा.

बाराखडी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ताई, काय बोलू. माहिती शून्य आहे पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय. ओल्या टॉवेलचं वाचून गलबललं.

पन्हाळा९९ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२२

ताई, मी स्वतः पेशंट आहे. तुमच्या मुलाला जो आहे तोच प्रकार. तिसऱ्या वर्षी औषध सुरू झालं, तेराव्या वर्षी किडनी बदलली, आईची. आज नोकरी करतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो.

'दिसतंय ना मग कशाला' हे वाक्य मीच माझ्या आईला ऐकवायचो. सोळाव्या वर्षी कॉलेजात गेलो आणि ड्रॉप्स बंद केले. मित्रांसमोर मान वर करून डोळ्यात थेंब घालायची लाज वाटायची, आणि खरंच दिसत होतं हो नीट! तपासणीत चार्टवरची खालची ओळ वाचायचो. फसतो आपण तिथेच. क्रिस्टल साचत राहतात आणि नजर बरेच दिवस चांगलीच राहते, फक्त उजेड नकोसा होत जातो. मला वाटलं आपला स्वभावच तसा, खोलीत बसायला आवडतं.

विसाव्या वर्षी एक दिवस सकाळी डोळे उघडेचनात. बुबुळावर बारीक दोऱ्यासारखे तंतू तयार होतात आणि पापणी हलली की ते ओढले जातात. आई कोमट पाण्यात बुडवलेला कापूस धरून अर्धा अर्धा तास बसायची तेव्हा कुठे एक डोळा किलकिला व्हायचा. डॉक्टरांनी तंतू काढले, ड्रॉप्स परत सुरू केले, आणि चार-पाच महिन्यांनी मी पहिल्यांदा गॉगल न लावता गच्चीत उभा राहिलो. मधली चार वर्षं वाया घालवायची नव्हती एवढंच सांगतो.

सासूबाईंना एक सांगा. किडनी बदलली तरी डोळे तेच राहतात. नवी किडनी दुसऱ्याची असते, तिच्यात हा दोष नसतो म्हणून तिच्यात हा आजार होत नाही. डोळे मात्र माझेच आहेत, त्यांना औषध जन्मभर.

नाचणी | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

@पन्हाळा९९, दादा फार मोलाचं लिहिलंस.

आमच्याकडे दुसरा आजार, गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातली साखर शरीराला नीट मोडता येत नाही. लेक पंधरा दिवसांची असताना कावीळ हटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तेलाचा थेंब पाण्यावर तरंगावा तसा दिसतो म्हणे. दूध बंद, अगदी अंगावरचं सुद्धा, सोयाच्या पावडरीवर वाढवली, आणि तो मोतीबिंदू काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय विरला. आमचं नशीब की लवकर कळलं. पण दूध बंद करणं म्हणजे घरात केवढं महाभारत झालं! पहिल्या वाढदिवसाला कुणीतरी पेढा चाटवलाच. त्यामुळे सासूबाईंचं समजू शकते, त्या वाईट नाहीत, त्यांना मूल रडलेलं बघवत नाही.

काजवा | १३ नोव्हेंबर, दुपारी २:४८

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, मुलांचे डोळे बघते. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा औषधाचं प्रमाण वगैरे त्याच्याच डॉक्टरांचं ऐकायचं. पण पोटातल्या औषधाचा मुद्दा इतक्या ठिकाणी राहून जातो की तो नीट लिहिते.

आपल्या पेशींमध्ये कचरा मोडायच्या पिशव्या असतात, लायसोसोम म्हणतात. प्रथिनं मोडली की सिस्टीन तयार होतं आणि ते बाहेर जायला एक दार असतं. या मुलांत त्या दाराची जनुक बिघडलेली असते (सीटीएनएस नावाची, १९९८ मध्ये सापडली). दार बंद, सिस्टीन आत साचतं, साचून त्याचे खडे होतात. सिस्टिअमाईन काय करतं, तर आत शिरून सिस्टीन तोडतं आणि ते तुकडे दुसऱ्याच दाराने बाहेर निघतात. माळ्यावर कपाट अडकलंय, दरवाज्यातून येत नाही, तर सुतार बोलावून त्याच्या फळ्या सुट्या करून खिडकीतून उतरवायच्या, तसंच.

आता डोळ्याचं. बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, पारदर्शक राहावी म्हणून तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. पोटातलं औषध रक्तातून जातं. रक्तच जिथे पोचत नाही तिथे औषध कुठून पोचणार? म्हणून पोटातून घेतल्याने किडनी लांब टिकते, वाढ सुधारते, डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही फायदा होतो कारण तिथे रक्त जातं, पण कॉर्नियाला वरूनच घालावं लागतं. याला दुसरा मार्ग नाही.

उपयोग होतो का? होतो. १९८७ साली अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेमध्ये म्युरियल कायझर-कुपफर आणि विल्यम गाल यांच्या गटाने दोन लहान मुलांच्या एका डोळ्यात हे औषध आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन घातलं होतं. चार-पाच महिन्यांत दोन डोळ्यांतला फरक स्पष्ट दिसला. पन्हाळा९९ यांनी लिहिलेला काळ आणि हा काळ जुळतोय बघा.

अजून दोन गोष्टी. वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाच्या कॉर्नियात क्रिस्टल दिसले नाहीत म्हणजे आजार नाही असं नसतं, ते साधारण दीड वर्षापर्यंत दिसू लागतात. म्हणून मुडदूस, खूप लघवी, खुंटलेली वाढ असं मूल आलं की स्लिट लॅम्प करावा आणि गरज पडल्यास परत करावा, शिवाय पांढऱ्या पेशींतलं सिस्टीन मोजावं. दुसरं, अ‍ॅलर्जीच्या त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड होतं का ते जुन्या चिठ्ठ्या काढून बघा. असेल तर त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, पुढच्या भेटीत ते मोजून घ्या. घाबरू नका, फक्त मोजून घ्या.

अप्पा_सांगलीकर | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

मुली, आमच्या आजी डोळे आले की शुद्ध मधाचं बोट फिरवायच्या, आधी झोंबायचं मग पाणी येऊन डोळे लख्ख. त्रिफळ्याच्या पाण्याने धुतले तरी थंडावा मिळतो. औषध तासातासाला घालण्यापेक्षा हे करून बघायला काय हरकत आहे?

काजवा | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१५

अप्पा, हरकत आहे, आणि ती स्पष्टच सांगते. या मुलांच्या बुबुळाचा वरचा थर आधीच खरवडलेला असतो. घरचा मध, काढा, गुलाबपाणी, दूध, काजळ यातलं काहीही निर्जंतुक नसतं, तिथून जंतू आत गेले तर बुबुळावर जखम होऊन कायमचा पांढरा डाग पडू शकतो. मी असे डोळे बघितलेत. थंडावा हवा असेल तर बंद पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा, आणि प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारून वापरा.

अप्पा_सांगलीकर | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४०

समजलं डॉक्टरबाई. शब्द मागे घेतो. मला स्वतःला साखर आहे, इन्सुलिनच्या जागी कारल्याचा रस घ्या म्हणणाऱ्यांवर मी चिडतो, आणि इथे मीच तसं केलं.

जर्सीतली_जाई | १४ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

मी न्यू जर्सीत, मूळची साताऱ्याची. मुलगी अकरा वर्षांची, सिस्टिनोसिस. इथे डोळ्यांच्या सिस्टिअमाईन ड्रॉप्सना २०१२ मध्ये मान्यता मिळाली होती, सिस्टारान नावाने, तेही जागेपणी दर तासालाच. ती तीन वर्षांची असल्यापासून आम्ही ते घातले. २०२० मध्ये सिस्टाड्रॉप्स आलं, ते जेलसारखं घट्ट असतं, डोळ्यात टिकून राहतं म्हणून दिवसातून चार वेळाच पुरतं. युरोपात ते २०१७ पासून आहे. आमची घडी अशी : सकाळी सातला, शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत नर्सकडे, घरी आल्यावर चारला, झोपताना साडेआठला. चार थेंबांवर आलो त्या आठवड्यात मला कळेचना की हाताला काय काम आहे.

रडण्याबद्दल. आमच्या नर्सने शिकवलेली युक्ती सांगते, लहान मुलांना अगदी लागू पडते. मुलाला उताणं झोपवायचं, डोळे मिटलेलेच ठेवायला सांगायचे. नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे सकाळी चिपाड जमतं ना, तिथे थेंब ठेवायचा. थेंब पडताना दिसतच नाही म्हणून निम्मी भीती जाते. मग हळूच डोळे उघडायला लावायचे, थेंब आपसूक आत जातो. आम्ही गोष्ट सांगायचो आणि 'आणि मग राक्षसाने दार उघडलं' म्हटलं की तिने डोळे उघडायचे. वर्षभर तोच राक्षस, बिचाऱ्याने किती दारं उघडली असतील.

आणि बाटली दाखवून धाक घालू नका, हे मात्र मी चुकलेय म्हणून सांगते.

वाटाड्या_विदर्भ | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

जाईताई, राग मानू नका पण अमेरिकेतलं ऐकून इथल्या माणसाला काय फायदा. शाळेत नर्स, तयार बाटली, इन्शुरन्स. इथे एक डोळ्यांचा डॉक्टर गाठायला तालुक्याहून नागपूरला यावं लागतं.

जर्सीतली_जाई | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०५

राग नाही. खरं आहे, इथे बऱ्याच गोष्टी सोप्या आहेत. पण मिटल्या डोळ्यांवर थेंब ठेवायला इन्शुरन्स लागत नाही, म्हणून तेवढं तरी पोचावं असं वाटलं.

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री १२:१०

जाई, आज संध्याकाळी केलं. राक्षसाच्या ऐवजी आमच्याकडे जेसीबी आला, त्याने भिंत पाडली की डोळे उघडायचे. तीनपैकी दोनदा न रडता! झोंबलं पण धावला नाही.

काजवा मॅडम, चिठ्ठ्या काढल्या, त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड होतं. पुढच्या गुरुवारी प्रेशर मोजून घेते. तुमचं कपाटाचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या म्हणजे सुतार दर तासाला यायला पाहिजे होय. बरोबर आहे ना मॅडम?

काजवा | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

अगदी बरोबर. पातळ ड्रॉप्स पापण्यांची उघडझाप आणि पाण्याबरोबर काही मिनिटांतच वाहून जातात, म्हणून सुताराला सारखं बोलवावं लागतं. घट्ट जेल तिथेच मुक्काम करतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

खलबत्ता | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी हॉस्पिटल फार्मसीत काम करतो, निर्जंतुक औषधं बनवायच्या विभागात. ताईंनी बाटली कशी ठेवतात ते लिहिलेलं नाही म्हणून हा प्रतिसाद, कारण घरोघरी घोळ इथेच होतो.

सिस्टिअमाईनला हवा चालत नाही. ऑक्सिजन लागला की त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि सिस्टामाईन बनतं. नावात अर्ध्या अक्षराचा फरक, पण डोळ्यात ते काम करत नाही. बाटली दिसायला तशीच, पाणी तसंच स्वच्छ. म्हणजे तुम्ही इमानेइतबारे दर तासाला थेंब घालताय आणि आत औषध उरलेलंच नाही असं होऊ शकतं. म्हणून हे ड्रॉप्स फ्रीझरमध्ये गोठवून ठेवतात, वापरायच्या आदल्या दिवशी एकच बाटली बाहेर काढायची, आणि वितळल्यापासून एक आठवडा झाला की उरलेलं फेकून द्यायचं. वितळलेली परत गोठवायची नाही. ज्या फार्मसीने बनवलंय तिने लेबलवर मुदत वेगळी लिहिली असेल तर ती पाळायची.

काढल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा. कॅलेंडरवर लिहिलेलं कुणी बघत नाही.

उरलेलं औषध फेकताना जीव तुटतो हे माहीत आहे. एक बाई अर्धी अर्धी बाटली साठवून ठेवायच्या, पुढच्या महिन्यात कमी पडलं तर म्हणून. त्यांना आम्ही लहान बाटल्यांत भरून द्यायला लागलो, म्हणजे फेकावं लागणारं कमी झालं. तुमच्या फार्मसीला हे विचारून बघा.

सुरंगी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३३

गोव्यातून. माझ्या भाच्याला होमोसिस्टिन्युरिया, म्हणजे प्रथिनांतला मिथिओनिन नावाचा घटक शरीरात नीट मोडला जात नाही. त्याची डोळ्यातली भिंगं जागेवरून खाली सरकली तेव्हा चष्म्याचा नंबर एकदम भलताच आला, म्हणून कळलं. बी६ ची मोठी गोळी आणि मिथिओनिन कमी असलेला आहार. आमच्याकडे मासे सोडून जेवायचं म्हणजे काय ते गोंयकारालाच विचारा! त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चार वेळा बैठक घेतली कारण या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात.

गोव्यात २००८ साली सरकारी दवाखान्यांत नवजात बाळांची टाच टोचून रक्त तपासायची योजना सुरू झाली होती. प्रत्येक राज्यात कायमची असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

निवडुंग | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:०१

हे सगळे आजार नात्यात लग्नं केल्याने होतात. मामाच्या मुलीशी लग्न थांबवा, निम्मे प्रश्न संपतील.

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

निवडुंग, माझं माहेर येवल्याकडचं, नवऱ्याचं मूळ कोकणात. आमच्यात सात पिढ्यांत नातं नाही.

काजवा | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच बिघडलेली जनुक असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण नातं नसलेल्या जोडप्यातही दोघं वाहक निघू शकतात, आणि वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो म्हणून कळायला मार्ग नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुक-सल्लागाराला भेटावं. घरात आजारी मूल असताना आईबापांच्या लग्नाचा हिशोब काढून कुणाचं भलं होत नाही.

बाराखडी | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:२१

+१००

फळा_खडू | १७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

शाळेचा प्रश्न तसाच राहिलाय म्हणून लिहितो. मी शिक्षक आहे, पहिली ते चौथी. आमच्या वर्गात अपस्माराची मुलगी होती, तिच्या औषधाचा अनुभव आहे.

शिक्षक नाही का म्हणतात ते आधी समजून घ्या. बहुतेकांना करायचं असतं, पण काही झालं तर माझ्यावर येईल ही भीती असते. म्हणून तोंडी विनंती करू नका. डॉक्टरांकडून शाळेच्या नावाने मराठीत पत्र घ्या : आजार संसर्गाचा नाही, औषध हे, एवढ्या वेळेला, एखादा थेंब चुकला तर घाबरायचं कारण नाही, डोळा लाल झाला तर या नंबरवर फोन करा. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते वाचलं की मुख्याध्यापकांचा खांदा सैल होतो.

मग वर्गात. दर तासाची घंटा आहेच की आपल्याकडे! घंटा झाली, एक शिक्षक गेले, दुसरे येईपर्यंत तीन-चार मिनिटं मिळतात. खिडकीकडे पाठ येईल असा बाक द्या. परिपाठ मैदानात उन्हात होतो, त्याला पहिल्या रांगेत पूर्वेकडे तोंड करून उभं करू नका, व्हरांड्यातून प्रार्थना म्हटली तरी देवाला पोचते. टोपी आणि गॉगल वर्गात चालेल असं सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकायचं, म्हणजे चिडवाचिडवी थांबते. आणि पहिल्या दिवशी वर्गातल्या मुलांना बाटली दाखवा, काय आहे ते सांगा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पाच पोरं रांगेत उभी, सर आम्हाला पण घाला.

पन्हाळा९९ | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

सर, तुमच्यासारखे शिक्षक मला असते तर मी सोळाव्या वर्षी ड्रॉप्स सोडले नसते.

वाटाड्या_विदर्भ | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

कुणी जेल भारतात मागवलंय का? आणि सरकारी मदत?

खलबत्ता | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

परदेशातलं औषध स्वतःच्या पेशंटसाठी थोड्या प्रमाणात आणता येतं, त्यासाठी १२-अ फॉर्म भरून औषध नियंत्रकांकडे अर्ज करायचा, परवाना १२-ब मध्ये मिळतो, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ठरलेल्या केंद्रांमधून उपचाराला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मुंबईत केईएम हॉस्पिटल त्यातलं एक केंद्र आहे. धोरणाच्या यादीतल्या आजारांच्या औषधांवर २०२३ पासून वैयक्तिक आयातीला सीमाशुल्क माफ आहे. आपलं मूल यात कुठे बसतं ते केंद्रातच जाऊन विचारा, सोबत सगळ्या रिपोर्टच्या दोन दोन झेरॉक्स.

नाचणी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

दोन नाही, चार. अनुभवाचे बोल.

बाराखडी | २ जानेवारी, रात्री ९:१५

गोदाकाठ ताई, कसा आहे छोटा?

जर्सीतली_जाई | ३ जानेवारी, पहाटे ३:३०

मीही रोज डोकावते इथे. दरम्यान कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून जीन थेरपीबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहिते. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला स्टेफनी शेर्की यांच्या गटाने २०१९ पासून प्रौढ पेशंट्सवर चाचणी केली, पेशंटच्याच मूळपेशी काढून, त्यांत चांगली जनुक घालून परत देतात. आधी उंदरांवर केलं तेव्हा डोळ्यांतले क्रिस्टलही कमी झाले होते. आमची आशा तिथे लागलेली आहे. पण आज रात्री साडेआठला थेंब घालायचाच आहे.

गोदाकाठ | १५ मार्च, रात्री ११:३५

माफ करा, इतके दिवस गायब होते. मधे जुलाब-उलट्या होऊन ॲडमिट होता, पोटॅशियम एकदम खाली गेलं, आठ दिवस त्यातच. तिथेही नर्सबाईंनी न सांगता दर तासाला थेंब घातले, त्यांचे उपकार विसरणार नाही.

डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आलं. शाळेत सरांनी लिहिलं तसंच पत्र नेलं. मुख्याध्यापक बाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या, भिंतीला लावते. वर्गशिक्षिका पहिले तीन दिवस थरथरत्या हाताने घालत होत्या. आता तासाची घंटा झाली की हाच बाकावर डोकं मागे टाकून डोळे मिटून बसतो आणि शेजारचा मुलगा ओरडतो, बाई, जेसीबी आला! सगळे तास होत नाहीत, खरं सांगते. शाळेत सहापैकी चार-पाच होतात. घरी मी एकही सोडत नाही. दर रविवारी बाटली काढायचं आणि तारीख लिहायचं काम सासूबाईंनी घेतलंय, जुनी फेकताना अजूनही पुटपुटतात.

मागच्या आठवड्यात चार महिने झाले म्हणून तपासणी होती. मॅडमनी पहिला फोटो आणि आताचा फोटो शेजारी लावला. अभ्रक आहे अजून, पण मधे मधे काळं बुबुळ दिसतंय. आधी तसं दिसतच नव्हतं. आणि रंगपंचमीला आमच्या गल्लीत दरवर्षीसारखा धिंगाणा, ह्याला खाली सोडणं शक्य नव्हतं (रंग डोळ्यात गेला तर काय घ्या), म्हणून गॅलरीत बसवला. ऊन उतरलं तेव्हा त्याने स्वतःच गॉगल काढून माझ्या हातात दिला आणि खालच्या एकेकाला ओळखायला लागला. तो हिरवा दादा म्हणजे दुकानवाल्यांचा, ती जांभळी आत्या. मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होते, पापण्या उघड्या होत्या.

पन्हाळा९९ दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून फ्रिजला लावलाय. तो वाचायला लागला की त्याला देणार आहे.

आता एक अडचण. मे महिन्यात माहेरी जायचंय, तिकडे उन्हाळ्यात लाईट दिवसदिवस नसते. वितळलेली बाटली तेवढा वेळ थंड कशी ठेवू? आईसपॅकची पिशवी दुपारपर्यंत गरम होते.

खलबत्ता | १६ मार्च, सकाळी ९:००

फार बरं वाटलं वाचून. बाटलीची आठवड्याची मुदत संपायच्या आत परत येणार असाल तर वितळवलेल्या दोन बाटल्या न्या, एक चुकून उन्हात राहिली तर दुसरी. पिशवीत बर्फाला बाटली थेट टेकू देऊ नका. आणि तापमान २५ अंशांच्या वर जायला नको, एक छोटा थर्मामीटर पिशवीत टाका.

अप्पा_सांगलीकर | १६ मार्च, सकाळी ११:२५

मुली, यावर मात्र माझ्याकडे खात्रीचा उपाय आहे, डॉक्टरबाईंनीही तपासून घ्यावा. मी इन्सुलिन असंच ठेवतो. एक मोठं मातीचं मडकं, त्यात लहान मडकं, दोघांच्या मधे ओली वाळू, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवायचं आणि वाळू सुकली की पाणी शिंपडायचं, दिवसातून दोन-तीनदा. कोरड्या हवेत चांगलं गार होतं, तुमच्या येवल्याकडे होईलच. बाटली आधी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत घाला म्हणजे ओल लागणार नाही आणि लेबलवरची तारीख पुसणार नाही. मडकं नवीन असेल तर दोन दिवस आधी पाण्यात बुडवून ठेवा. थर्मामीटर खलबत्ता म्हणतात तो डबीशेजारीच ठेवा आणि दुपारी तीन वाजता एकदा बघून आकडा इथे कळवा.